नऊ दिवसांच्या आत पुसलेला स्क्रीन

हे माझ्याच घरात घडलंय. पटवून देण्याइतकं त्राण आता माझ्यात नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

रात्रीची नाही, दुपारची गोष्ट आहे. फेब्रुवारीतला बुधवार. तीन वाजून गेले होते. चोलुला गावातलं आमचं घर.

त्या आठवड्यात डॉन गोयो पुन्हा खोकत होता. डॉन गोयो म्हणजे आमचा ज्वालामुखी. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, भाकरीच्या फडक्यावर राख, माझ्या अडीच वर्षांच्या नायेलीच्या पापण्यांवरही राख. पोरीला खोकला. मला चार रात्री झोप नाही.

आणि सासूबाई जाऊन सहा दिवस झाले होते.

दोन्या हेनोवेवा. दोन्या म्हणजे आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईंना मानाने म्हणतात. पुरायला नेण्याआधी त्यांना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. त्या जागी जमिनीवर चुन्याचा क्रूस काढलेला होता. रोज संध्याकाळी प्रार्थना सांगायला दोन्या क्रेसेन्सिया यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं.

"नऊ दिवस या खोलीत केरसुणी नाही, फडकं नाही. इथली धूळ आता तिची आहे. नवव्या दिवशी क्रूस उचलू, तेव्हा सगळी एकदम गोळा करून तिच्यापाशी पुरू. कणही मागे राहता कामा नये. कळलं का, याडिरा?"

कळलं होतं. पण माझा कॉम्प्युटर त्याच खोलीत होता.

माझा नवरा एलिसेओ न्यू यॉर्कला हॉटेलात भांडी घासतो. दर रविवारी तो स्क्रीनवर दिसायचा आणि सासूबाई स्क्रीनला नाक लावून बसायच्या. स्क्रीनवर एक बारीक काळा ठिपका आहे, तो नेमका त्याच्या डाव्या गालावर यायचा.

"तोंड पूस रे. काळं लागलंय."

"आई, काही लागलेलं नाही. स्क्रीनचा दोष आहे तो."

"मला शिकवू नकोस. नऊ महिने पोटात मी वागवलं, का त्या स्क्रीननं?"

मग ॲप्रनचं टोक थुंकीने ओलं करून त्या खसाखसा घासायच्या.

"अहो दोन्या, थुंकीने नका ना! चरे पडतील."

"याच थुंकीने याचं तोंड पुसत आले मी. त्याला पडले का चरे?"

एलिसेओ हसायचा. त्यांचं समाधान व्हायचं नाही. ठिपका कधीच जायचा नाही.

त्या बुधवारी मला मुलांचा गणिताचा ऑनलाइन क्लास घ्यायचा होता. स्क्रीनवर इतकी राख, की साडेचार लिहिलेत की पंचेचाळीस, हे मलाच दिसेना. दशांश चिन्ह कुठलं आणि राखेचा कण कुठला?

म्हटलं, जमिनीला हात लावत नाही. फक्त स्क्रीन.

नीटच पुसला मी. बंद केला, वायर काढली, गार होऊ दिला. राख म्हणजे बारीक काचच. ती कोरडी घासली की ओरखडे पडतात. म्हणून आधी नायेलीचं नाक साफ करायच्या रबरी फुग्याने हवा मारली. मग तिच्या जावळाच्या मऊ ब्रशने राहिलेली झटकली. मग जुना सुती लंगोट थोडा ओला करून घट्ट पिळला. पाणी कापडावर घ्यायचं, स्क्रीनवर कधीच नाही. वरून खाली, हलक्या हाताने.

बंद स्क्रीन काळाभोर झाला. खिडकीतून तिरका उजेड आला आणि ते दिसले...

बोटांचे ठसे. चार बोटं आणि अंगठा. सासूबाईंच्या शेवटच्या रविवारचे.

हात क्षणभर थांबला. खरंच थांबला होता.

मग मी पुसले.

लंगोट धुतला, पाणी मोरीत ओतलं, लंगोट दोरीवर टाकला आणि परत खोलीत आले.

स्क्रीनवर... ठसे होते.

तीच जागा. चार बोटं आणि अंगठा. मध्ये घासल्यासारखं ओलसर गोल.

नायेली म्हणावं, तर ती माझ्या पाठीला शालीत बांधलेली. गाढ झोपलेली.

मी पुन्हा पुसलं. खोलीतून हलले नाही. नजर काढली नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. स्क्रीन स्वच्छ राहिला.

हुश्श केलं...

आणि पाठीवर नायेली कुरकुरली.

तिला पुढे घेतलं. तिच्या डाव्या गालावर राखेचा डाग होता. गोल, ओलसर.

त्या गालावर तिला जन्मापासून तीळ आहे, मसुराएवढा. पुसताना पाहिलं... तीळ फिका झाला होता.

नवव्या दिवशी दोन्या क्रेसेन्सियांनी फुलांच्या जुडीने क्रूस गोळा केला. सगळे कॉफी पिऊन गेल्यावर त्यांना सांगितलं.

"फडकं कुठंय?"

"धुतलं."

"आणि पाणी?"

"मोरीत ओतलं."

त्या खुर्चीत बसल्या. "अगं बये... एवढं कॉलेज शिकलीस, आणि मेलेल्या बाईचा हात मोरीत ओतलास?"

"आता काय करू?"

"मला काय विचारतेस? मला प्रार्थना येतात, तेवढ्याच."

त्यानंतर रोज तीन वाजले की नायेली खेळणं खाली ठेवायची. हनुवटी वर करायची. डोळे घट्ट मिटायची. तोंड पुसून घेताना मुलं करतात ना, अगदी तसंच. आणि डावा गाल पुढे करायची...

समोर कुणीच नसायचं.

"पुरे ना, आबुए," म्हणायची. आबुए म्हणजे तिची आजी.

मी तिला उचलून अंगणात पळायचे. तरी गाल ओला व्हायचा. तीळ रोज थोडा कमी व्हायचा. तिळाखाली त्वचाही पातळ होत होती, आतल्या निळ्या शिरा दिसायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "असं कधी बघितलं नाही. लक्ष ठेवा." दुसरं मी काय करत होते?

मग एका दुपारी मला सुचलं. सासूबाईंना पुसायला चेहरा हवा होता.

तीन वाजायच्या आत मी एलिसेओचा मोठा फोटो स्क्रीनवर लावला. राख तशीच राहू दिली. नायेलीला घट्ट धरून स्वयंपाकघरात बसले.

ती खेळतच राहिली. गाल कोरडा होता.

संध्याकाळी बघितलं, तर स्क्रीनवरच्या राखेत... चार बोटं आणि अंगठा.

मी रडले. त्या रात्री मला झोप लागली. पाच आठवडे असंच चाललं. रोज फोटो, रोज ठसे. नायेलीच्या गालावर अर्धा तीळ उरलाय, तेवढाच राहिलाय.

गेल्या रविवारी एलिसेओ स्क्रीनवर आला. हसत होता.

"याडी, गंमत बघ. लहानपणी सायकलवरून पडलो होतो, त्याचा गालावर व्रण होता ना? गेला! कामावरची पोरं म्हणतात, न्यू यॉर्कचं पाणी मानवलं तुला."

"कधीपासून?"

"झाला महिनाभर. दुपारी जरा चुरचुरतं, एवढंच. भांड्यांची वाफ असेल."

मी स्क्रीनजवळ गेले. त्याचा डावा गाल धूसर दिसत होता. डाव्या भुवईचं टोकही... नव्हतं.

धूळ होती की त्याचा चेहराच तसा होता, हे पुसल्याशिवाय कळलं नसतं. कापड बाजूलाच होतं.

"काय गं, नीट दिसत नाहीये का मी?" त्याने विचारलं.

"दिसतोयस," मी म्हणाले. "राख बसलीये थोडी."

नायेली माझ्या मांडीवर झोपली होती. मी कापडाला हात लावला नाही.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, फोटो काढून टाक. किंवा म्हणेल, राहू दे. यातलं कुठलं ऐकायची मला जास्त भीती वाटते, तेच कळत नाही.

आता पावणेतीन झालेत. फोटो लावायचाय.