दोन ठोके

राजस, आधी त्या कठड्यावरून खाली उतर. उतर म्हणतो ना. लाइट गेली म्हणून तुम्हाला गच्चीवर झोपायला आणलंय, सर्कस करायला नाही. ओवी, तूही सरक इकडे सतरंजीवर. तासभर एसी बंद पडला तर तुमचे प्राण कंठाशी आले, आणि आम्ही अख्खा जन्म पत्र्याखाली काढला. असो. कठडा आणि एसी या दोन्हींवरून मला एक गोष्ट आठवली. ऐकायची तर ऐका, पण मध्येच पाणी प्यायला खाली जायचं म्हणालात तर सोबत येणार नाही मी.

बशीर मेस्त्रीला तुम्ही ओळखता. आपल्या दुकानातून वायर आणि पाइप नेतो तो, बारीक दाढीवाला, कधी आवाज न चढवणारा. ही त्याचीच गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली आणि तिचा शेवट तर मी या डोळ्यांनी पाहिलाय, तेव्हा चिंतामणकाकांनी तिखटमीठ लावलं असं म्हणू नका.

दोन हजार चोवीस साल. एप्रिलची बावीस तारीख, सोमवार. अमावस्या वगैरे नव्हती बरं का. उलट दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती, म्हणजे चैत्री पौर्णिमा. चांदण्यात सुई ओवता यावी इतका लख्ख उजेड.

वडूजला देवदत्त मास्तर राहतात. खाली भाड्यानं दिलेलं दुकान, वर राहतं घर. मास्तरांच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं आणि मंगळवारी दुपारी त्यांना घरी आणायचं होतं. वडूजचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मास्तरांच्या बायकोनं, सुहासिनीबाईंनी, दवाखान्यातूनच बशीरला फोन केला. "बशीरभाई, एसीचा टेम्पो आज पोचतोय. उद्या हे यायच्या आत तेवढी खोली गार करून द्या. घामानं टाके चिघळतील हो." बशीर नाही म्हणणाऱ्यातला नव्हे. टेम्पोनं वाट बघायला लावली, खोकी वर चढायला रात्रीचे नऊ वाजले, आणि तोवर बशीर औंधवरून मोटरसायकल हाणत तिथं पोचला होता.

एकटाच. हे ध्यानात ठेवा, कारण एसी बसवणं हे दोघांचं काम असतं. एक आत, एक बाहेर. भिंतीला भोक पाडायचं, आतल्यानं तांब्याचे पाइप आणि वायर बाहेर सरकवायची आणि बाहेरच्यानं धरायची. मध्ये भिंत असल्यामुळं दोघं एकमेकांना दिसत नाहीत. शहरात रस्त्याच्या गोंगाटात हाकही ऐकू जात नाही.

बशीरचा बाहेरचा माणूस होता नाथाजी. आपल्याच गल्लीतला. बारा वर्षांची जोडी, एका डब्यात जेवणारी. नाथाजीनं नियम घालून दिला होता. आतल्यानं पाइपवर पान्यानं एक ठोका मारायचा, म्हणजे 'देतोय'. बाहेरच्यानं दोन मारायचे, म्हणजे 'धरलं'. दोन ठोके ऐकल्याशिवाय पाइप तसूभरही ढकलायचा नाही. नाथाजीची आणखी एक सवय होती. पाइपला काळी टेप गुंडाळून झाली की टेपचं टोक छोटा त्रिकोण करून दुमडायचा. बशीर त्याच्या नेमका उलटा. टेप टचकन तोडायचा आणि पुढच्या वेळी नखानं टोक शोधत बसायचा. "बश्या, टोक दुमडत जा की रं. पुढच्याला सापडाय नगं व्हय?" असं नाथाजी रोज म्हणायचा, आणि बशीर रोज विसरायचा.

दोन हजार बावीसच्या मे महिन्यात साताऱ्यात तिसऱ्या मजल्यावरून नाथाजी पडला. जागच्या जागी गेला. बशीरनं पोलिसांना सांगितलं, आम्हाला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं: दोन ठोके आले, मग मी पाइप दिला, त्याचाच हात सुटला. नाथाजीची बायको शिवांजली. ती रडली कमी आणि चिडली जास्त. "धरलं म्हणून सांगितलं आन् सोडलं," असं म्हणायची. "आमाला कुणाच्या भरवशावर सोडलं?" नवऱ्याचा फोटो भिंतीवर लावला, पण दोन वर्षं त्या फोटोला हार नाही. माणूस मेला तरी तिचा त्याच्यावरचा राग काही मेला नव्हता. आणि बशीर त्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचा. दुसरा जोडीदार म्हणून ठेवला नाही त्यानं. मला वाटायचं, मैत्रीखातर असेल.

तर त्या रात्री वडूजच्या घरात मास्तरांची थोरली बहीण बनुबाई तेवढी होती. तिनं बशीरला चहा दिला आणि वाकळ उचलली. "मेस्त्री, म्या म्होरल्या गॅलरीत पडते. मला आयकाया लय कमी येतं बगा. कायबी लागलं तर हाका मारू नगा, हलवून उठवा."

"व्हय मावशी. तुमी झोपा निवांत."

बशीरनं मीटरपासून वेगळी वायर ओढली, एमसीबी बसवला, अर्थिंग तपासलं. आतलं मशीन भिंतीवर चढवायची पट्टी ठोकली. छताखाली हातभर अंतरावर भोक पाडलं, पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. बाहेरचं मशीन त्यानं आधीच गच्चीवर ठेवलं होतं. आता पाइप भोकातून बाहेर काढायचा आणि वर गच्चीवर घ्यायचा. घराची मागची भिंत सरळसोट. ना सज्जा, ना शिडी, खाली फरशी घातलेलं परसू. एकट्या माणसानं करायचं कसं? तर पाइप हातभर बाहेर ढकलून ठेवायचा, गच्चीवर जायचं, आणि वरून तारेच्या आकड्यानं ओढून घ्यायचा.

पावणेबारा वाजले होते. पाइप भोकाला लावला आणि सवयीनं बशीरनं त्यावर पाना मारला. टक. मग स्वतःच ओशाळला, कारण बाहेर होतं कोण? पाइप ढकलला, टेप पिशवीत टाकली, पिशवीची चेन लावली, ती तिथंच खोलीत ठेवली आणि अनवाणीच वर गेला.

गच्चीवर बनुबाईच्या कुरडया लुगड्याखाली झाकलेल्या. कोपऱ्यात पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या. कठडा गुडघ्याएवढा, बिनगिलाव्याचा. बशीर त्याच्यावर पालथा पडला, कमरेपर्यंत बाहेर ओणवा झाला आणि तारेचा आकडा खाली सोडला. दोन वेळा हुकला. तिसऱ्यांदा पाइपला अडकला.

आणि खालून, खोलीतून, आवाज आला.

टक.

बशीर थबकला. "मावशी? पाइपला हात लावू नका, मावशी!"

पुढच्या गॅलरीतून बनुबाईचं घोरणं ऐकू येत होतं. संथ. एकसारखं.

टक.

या खेपेला तार त्याच्या मुठीत थरथरली. पाइपचं आतलं टोक कुणीतरी धरलं होतं. ढकलत नव्हतं. नुसतं धरून उभं होतं.

एक ठोका. 'देतोय.'

आणि मग थांबायचं. दोन येईपर्यंत.

उठावं म्हणून त्यानं हात टेकला, तर पोटाखालची वीट हलली. सिमेंटची भुकटी खाली गेली. ती फरशीवर पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला, ते त्यानं मोजलं. मागे सरकावं तर वीट जाणार. पुढे तर काहीच नाही. तो होता तसाच राहिला.

टक.

मग थांबलं.

कुत्री भुंकत होती, तीही गप्प झाली...

चर्र.

पाठीमागे. गच्चीवर. सळ्यांपाशी.

इतकी वर्षं एसी बसवलेल्या माणसाला हा आवाज सांगावा लागत नाही. गुंडाळीवरून टेप सुटतानाचा आवाज. टेप तर खाली खोलीत होती. पिशवीत. चेन लावून.

चर्र... चर्र...

जवळ.

त्याच्या उजव्या घोट्याला काहीतरी गार लागलं. एक वेढा. मग दुसरा. घाई नाही. घट्ट.

मान वळवायची हिंमत झाली नाही. तो खालीच बघत राहिला. फरशीवर चांदण्यात कठड्याची सावली पडली होती, आणि तिच्यावर लोंबणारी त्याची स्वतःची. पाठीमागे कुणी असतं तर त्याचीही पडली असती.

नव्हती.

तिसरा वेढा. चौथा.

बशीरला वाटलं, बांधून खाली सोडणार. जसा तो गेला, तसाच. कलमा म्हणायला त्यानं तोंड उघडलं. आणि तोंडातून भलतंच निघालं. दोन वर्षं दाबून ठेवलेलं.

"नाथा... ठोके आलं नव्हतं."

वेढे थांबले.

"म्या फोनवर व्हतो. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत. वाट बघितली न्हाई रं... पाइप ढकलला, त्यो तुला लागला. तू धरलंच नव्हतंस, तर सोडणार काय?" तो आता रडत होता, उलट्या मानेनं. "वहिनीला खोटं सांगितलं म्या. समद्यांस्नी खोटं सांगितलं."

काही नाही.

काही नाही...

मग त्याच्या उघड्या तळपायावर कुणीतरी बोटाचं पेर वाजवलं.

टक. टक.

आणि वीट गेली.

परसात पडून तिचा भुगा झाला. पाठोपाठ आणखी दोन गेल्या. बशीर मांडीपर्यंत बाहेर घसरला, डोकं खाली, हात हवेत. घोट्याला हिसडा बसला.

तो लटकला. पडला नाही.

वर कसा आला, ते त्याला सांगता येत नाही. आला, आणि डोळे गच्च मिटून सळ्यांपाशी अंगाचं मुटकुळं करून पडून राहिला. मारुतीच्या देवळात पहाटे भोंगा लागला तरी उघडले नाहीत. कुरडया हलवायला बनुबाई वर आली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"आगं बया! मेस्त्री, ह्ये कुणी बांदलं तुमास्नी?"

टेप सळीपासून निघाली होती आणि त्याच्या घोट्यावर संपली होती. बनुबाईनं खालून विळी आणून मधला पट्टा कापला. घोट्यावरचं कडं मात्र त्यानं कापू दिलं नाही.

साडेसहाला मला फोन. "चिंतामणकाका, वडूजला दुसरा माणूस पाठवा. मास्तरांची खोली दुपारच्या आत गार झाली पाहिजे. मी शिवांजलीवहिनीकडं चाललोय. तुमीबी या. एकट्याला जमायचं न्हाई." मी माणूस पाठवला. खोली वेळेत गार झाली, ती काळजी तुम्ही करू नका.

शिवांजलीच्या दारात बशीर चप्पल काढून उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. साताऱ्याचं सांगितलं, मग रात्रीचं सांगितलं, काही न गाळता. तिच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. आत तव्यावरची भाकरी करपली, वास बाहेरपर्यंत आला, तरी ती हलली नाही. मी तिथंच ओट्यावर बसलो होतो. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं ती खाली बसली. त्याच्या घोट्यावरच्या टेपला हात लावला. टोक शोधावं लागलं नाही तिला, बोट थेट तिथं गेलं. छोटासा त्रिकोण. नीट दुमडलेला. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली. पीठ लागलं टेपला.

"दोन वरसं," ती म्हणाली. "दोन वरसं म्या त्या मानसाला मेल्यावर शिव्या दिल्या, भावजी. हितं, तुमच्यासमोर. आन् तुमी आयकत व्हता."

तिनं हिसड्यानं ताणून सैल झालेलं ते कडं न उलगडता त्याच्या टाचेवरून हळूच काढून घेतलं.

"जावा आता," ती म्हणाली.

काय रे राजस? भीतीनं त्यानं स्वतःच गुंडाळली असेल? मीही तेच म्हटलं होतं त्याला. असेल बाबा. पिशवी त्या दिवशी माझा माणूस घेऊन आला, मीच चेन उघडली. आतली टेप टचकन तोडलेली, टोक कुठं ते दिसेना. बशीर आजही दुकानात उभा राहून नखानं टोक शोधतो.

लाइट आली वाटतं. जा, खाली जाऊन झोपा एसीत. कुणी उठत का नाही? बरं, मग इथंच झोपा, पण कठड्यापासून लांब.

आणि सकाळी शिवांजलीकडे दूध आणायला जाल तेव्हा भिंतीकडे बघा. फोटोला आता रोज ताजा हार असतो. हाराच्या मागे, त्याच खिळ्याला, ते काळं कडं आहे. हात लावू नका, नुसतं बघा. टोक अजून दुमडलेलंच आहे.