हत्तीसोंडेच्या वाटेवरचा फिरलेला बाण

"आता जाळी तू तोड! दोनदा माझ्या तोंडावर आलीत!" असं म्हणत हृतिकनं हातातली काठी अनुष्कापुढे धरली.

"कोळ्याला घाबरतोस? आणि मुंबईला जाऊन सांगणार, मी जंगलात राहून आलो म्हणून!"

"घाबरत नाय यार! खाज सुटते!"

पुढे चाललेली सलोनी मागे न बघताच खुदकन हसली. तेरा वर्षांची सलोनी कुडपणच्या पठारावर, इथल्याच एका वाडीत वाढलेली. हृतिक तिचा चुलतभाऊ, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलेला. आणि अनुष्का महाडची. तिचे बाबा, धम्मपाल सर, वाडीच्या शाळेत शिकवायचे. सुट्टी लागली की अनुष्का दप्तर फेकून थेट इकडे यायची.

आज तिघांवर मोठी कामगिरी होती. महाडहून ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ हत्तीसोंडेची वाट बघायला दहा वाजता येणार होतं. त्याआधी वाट झाडून ठेवायची, पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, ओढ्यातले पाय ठेवायचे दगड नीट लावायचे.

ही वाट म्हणजे अनुष्काचा जीव की प्राण! तशी जेमतेम दीड किलोमीटरची. पण त्या दीड किलोमीटरमध्ये काय नाही? आधी हिरडा-जांभळाचं दाट रान, तिथं डोक्यावरून शेकरू झेप घेतं. मग कणग्या, म्हणजे धान्य भरायच्या कणग्यांसारखे गोल, पोटफुगे काळे खडक, एकाला एक खेटून उभे. आणि सगळ्यात शेवटी हत्तीसोंड! उंच कातळातून दगडाची एक कमान अशी खाली उतरलेली, की हत्ती वाकून पाणी पितोय असंच वाटावं. गेल्या हिवाळ्यात बाबांनी आणि वाडीतल्या लोकांनी मिळून ही वाट आखली होती. फळ्यांवरचे पांढरे बाण अनुष्कानं स्वतः रंगवले होते.

ओढ्याचं काम आटोपून, भाकरी खाऊन तिघं किंजळीच्या झाडापाशी आली. गाडीरस्त्याकडून येणारी पायवाट इथंच मिळायची. पुढे दोन फाटे. उजवा हत्तीसोंडेकडे, डावा गुरांच्या जुन्या वाटेला. सलोनी एकदम थांबली.

"अगो अनुष्का, ह्यो बाण बघ!"

अनुष्कानं पाहिलं. बाण डावीकडे बघत होता!

"तूच चुकीचा लावला असशील," हृतिक म्हणाला.

"मी? माझा बाण उजवीकडेच होता! खांबाच्या बुडाशी बघ. माती भुसभुशीत झालीय. कुणीतरी खांब धरून फिरवलाय."

"वाऱ्यानं?"

"वारा काय खांब उपटून पुन्हा रोवतो?" सलोनी खाली वाकली. बाकी वाट कातळाची, पण खांबापाशच्या मातीत बुटाचा ठसा होता, खोल आणि नक्षीदार. "आमच्या वाडीत असले बूट कुणाचे नाय. आणि तो उजवा फाटा बघ!"

उजव्या फाट्यावर कारवीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या. त्या ताज्या मोडलेल्या होत्या.

आता हृतिकचीही मस्करी थांबली. डावा फाटा कुठं जातो हे त्यालाही ठाऊक होतं. ती वाट हत्तीसोंडेच्या कातळाला मागून वळसा घालून सरळ कड्यावर निघायची. पावसात तिथली कडेची जमीन खचली होती, आणि आता डोक्याएवढं गवत माजलं होतं. गवत संपतं कुठं आणि दरी सुरू होते कुठं, ते कळत नसे. वाडीतली गुरंही तिकडे कुणी नेत नव्हतं.

तिघांनी मिळून खांब सरळ केला, बुडाशी दगड ठोकले, फांद्या ओढून टाकल्या.

"वाचलो! पाहुणे दहाला येणार. अजून नऊसुद्धा वाजले नाहीत," अनुष्का म्हणाली. "पण हे केलं कुणी?"

उत्तर हत्तीसोंडेपाशी मिळालं. कमानीखाली लाल तंबू उभा होता. चकचकीत बूट घातलेला एक माणूस कमरेवर हात ठेवून उभा होता आणि एक ताई हातातल्या पडद्याकडे बघत ड्रोन उडवत होती.

"ए मुलांनो, बाजूला व्हा! फ्रेममध्ये येताय!" तो माणूस ओरडला. "तुम्ही आलात कुठून?"

"वाटेनं," सलोनी म्हणाली.

त्याच्या कपाळावर आठी पडली, ती अनुष्कानं बरोबर टिपली. वाट बंद असल्याचं याला ठाऊक होतं तर! पण सरळ विचारलं तर कानावर हात ठेवणार. मग तिनं चेहरा अगदी भोळा केला.

"दादा, तुम्ही सिनेमावाले आहात का? किती भारी!"

तो माणूस खुलला. "सिनेमा नाही गं. मी मालोजी. आम्ही सहली नेतो, त्याची जाहिरात बनवतोय. ही स्नेहल, आमची कॅमेरावाली."

"आम्हाला दाखवाल? पहिल्यापासून? एकदाच!"

"अगं, दाखव त्यांना!" मालोजी ऐटीत म्हणाला.

स्नेहलताईनं हसत कॅमेरा पुढे केला. पहिल्या चित्रात मालोजी किंजळीच्या झाडाखालून रुबाबात चालत येत होता. त्याच्या मागे फळी होती आणि तिच्यावरचा बाण उजवीकडे होता.

"छान! याच्या पुढचं?"

पुढच्या चित्रात तोच मालोजी, तेच झाड. पण आता बाण डावीकडे! आणि मालोजी पँटला हात पुसत होता. पँटवर मातीचे दहा बोटांचे ठसे!

"सर," स्नेहलताई हळूच म्हणाली, "मी लेन्स बदलत होते तेव्हा तुम्ही हे केलंत?"

मालोजी कसनुसं हसला. "अगं, तासाभराचा तर प्रश्न! लोक मधे आले की शूटिंगचा विचका होतो. जाताना फिरवणारच होतो. एवढ्या सकाळी इथं कोण येतंय?"

"ते कोण आहेत मग?" हृतिक किंचाळला.

त्याचं बोट ड्रोनच्या पडद्यावर होतं. कातळामागच्या पिवळ्या गवतातून केशरी टोप्यांची एक रांग सरकत होती. वीस-बावीस टोप्या! पाहुणे लवकर आले होते. मुलं ओढ्यावर भाकरी खात असतानाच ते गाडीरस्त्यानं येऊन, फिरलेला बाण बघून डावीकडे वळले होते! आणि टोप्यांच्या पुढ्यात, पडद्याच्या कडेला, निळीसावळी दरी दिसत होती.

मालोजीनं हाक मारायला दोन्ही हात तोंडाशी नेले. सलोनीनं त्याचा हातच धरला.

"हाका मारू नका! हितली हाक समोरच्या कड्यावर आपटून परत येते. त्यांना वाटंल, कुणीतरी पुढून बोलावतंय! आणखी पुढं जातील!"

"मग मी पळत जातो!"

"वळसा घालून वीस मिनिटं लागतात. आम्ही सापटीतून जातो. तुम्ही मावणार नाय!"

सापट म्हणजे हत्तीसोंडेच्या कातळातली उभी फट. या बाजूनं शिरलं की त्या बाजूला कड्याजवळ निघते. सलोनी तिच्यातून कैकदा गेली होती. अनुष्का एकदाही नाही.

"स्नेहलताई, ड्रोन त्यांच्या तोंडासमोर न्या!" हृतिक ओरडला. "एकदम खाली! ते बघत थांबतील!"

मुली फटीत शिरल्या. आत गार अंधार होता. दोन्ही बाजूंनी ओला कातळ. दहा पावलांवर फट इतकी अरुंद झाली की अनुष्काची छाती दोन खडकांत अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. तिला रडूच कोसळलं.

"सलोनी, मी अडकले!"

"नाय अडकलीस. घाबरून श्वास भरून घेतलायस." अंधारातून एक खरखरीत हात आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. "सगळा श्वास सोड. सोडलास? आता सरक!"

अनुष्कानं श्वास सोडला. खांदा खरचटला, पण ती सुटली! समोर उजेडाची चीर दिसली आणि क्षणात दोघी गवतात होत्या.

पळत सुटावंसं अनुष्काला वाटलं, पण सलोनी पळाली नाही. ती कातळाला चिकटून, काठीनं जमीन चाचपत भराभर पुढे गेली. अनुष्का तिच्या पावलावर पाऊल टाकत होती. एवढ्या घाईतही सलोनीचा एक पाय चुकीचा पडत नव्हता. शेवटी गवताच्या पलीकडे ड्रोनची घरघर ऐकू आली आणि हसण्याचे आवाज.

केशरी टोप्या थांबल्या होत्या! सगळे आजी-आजोबा ड्रोनला टाटा करत होते. फक्त एक उंच आजोबा तेवढे रांग सोडून पुढे निघाले होते.

"थांबा!" अनुष्का दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली. "आजोबा, एक पाऊलही टाकू नका!"

"का गं पोरी? हत्तीसोंड इकडेच ना?" मागून एक आजी म्हणाल्या. त्या येसूबाई, मंडळाच्या प्रमुख. नोकरीत असताना परिचारिका होत्या. "ऊन चढायच्या आत बघावी म्हणून लवकर निघालो. बाण तर इकडेच होता."

सलोनीनं काठीनं आजोबांच्या पुढचं गवत बाजूला सारलं.

चार हातांवर जमीन संपली होती. खाली, कितीतरी खाली, एक घार गिरक्या घेत होती. घारीची पाठ दिसत होती.

आजोबा मटकन खालीच बसले. सलोनीनं सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि कातळाच्या कडेकडेनं, एकेकाला पाय कुठं ठेवायचा ते दाखवत, मागे फिरवलं.

किंजळीपाशी धम्मपाल सर धापा टाकत पोचले होते. हृतिकनं धावत जाऊन त्यांना बोलावून आणलं होतं. मालोजी मान खाली घालून उभा होता.

"माझी चूक झाली, सर," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यानं काय होतंय..."

"ज्या हातांनी खांब फिरवलात, त्याच हातांनी तो पक्का बसवा," सर शांतपणे म्हणाले. "हातभर खड्डा खणा. दगड ओढ्यावर मिळतील. आणि काम झाल्यावर या सगळ्यांना स्वतः सांगा, बाण कुणी फिरवला ते."

मालोजी निमूटपणे ओढ्याकडे निघाला. स्नेहलताईनंही बाह्या सरसावल्या.

सरांनी मग मुलीकडे पाहिलं. तिचा खांदा खरचटलेला, केसांत कातळाचं शेवाळ. "तू सापटीतून गेलीस?" त्यांनी विचारलं. अनुष्कानं मान हलवली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"चाळीस वर्षं नोकरी केली मी," येसूबाई म्हणाल्या. "संकटात डोकं ठिकाणावर ठेवणारी माणसं फार थोडी बघितली. आज एकदम तिघं भेटली! त्या उडत्या यंत्रानं आम्हाला कुणी थांबवलं?"

"मी!" हृतिकनं छाती फुगवली. "म्हणजे, उडवलं ताईनं. आयडिया माझी!"

सगळे हसले. भीती जरा निवळली. पण आता पुढे काय? कुणी म्हणे, परत जाऊ.

येसूबाईंनी टोपी नीट केली आणि सलोनीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाळ, आम्हाला हत्तीसोंड बघायचीच आहे. पण आता बाण बघून आम्ही जायचो नाही. पुढे तू चाल."

सलोनी लाजून लाल झाली. "मी? सर हायत की."

"मीसुद्धा तुझ्या मागेच येणार," धम्मपाल सर म्हणाले.

सलोनीनं काठी उचलली आणि उजव्या फाट्यानं रानात शिरली. तिच्या मागे अनुष्का, हृतिक आणि सर. आणि त्यांच्या मागे बावीस केशरी टोप्या, एकामागे एक, तिचं पाऊल पडेल तिथंच आपलं पाऊल टाकत!