दादाची गाडी ओव्हरफ्लो होते

धाकट्याचं वय पंचावन्न, मिशा पांढऱ्या, पण नाव धाकटाच. थोरल्या भावाच्या हाताखाली गॅरेजात बसायला लागला तेव्हा जे नाव पडलं, ते पडलं. थोरला जाऊन तीन वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक दारात गाडी लावून विचारायचं, "धाकटे आहेत का?" जणू थोरला आत जेवायला बसलाय. धाकट्याने ते कधी कुणाला सुधारलं नाही. त्याला ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, ह्यांच्या गाडीतून पेट्रोल सांडतंय. घरभर वास सुटलाय. आज येता का?"

"त्या गाडीत पेट्रोल आलं कुठून? टाकी तर मी स्वतः रिकामी केली होती."

"मी भरलं, परवा. उद्या लेक येतेय मला न्यायला. कायमची. पण गाडी चालू झाल्याशिवाय मी इथून हलायची नाही. हे आले आणि दारात गाडी बंद पडलेली दिसली, तर काय म्हणतील?"

थोरला नदीत गेला होता. लेकीचं गाव नदीपलीकडे. होडीने अर्धा तास, पुलावरून गेलं तर एकसष्ट किलोमीटरचा वळसा. थोरला एरवी पुलावरूनच जायचा, स्वतःच्या मोटरसायकलवर. त्या दिवशी होडीने गेला आणि होडी उलटली. बाकीचे सगळे सापडले, कुणी जिवंत, कुणी मेलेले. थोरला कसाच सापडला नाही. आणि जो सापडला नाही त्याची वाट बघायची नाही, असं बायकोला कोण सांगणार?

त्या दिवशी तो होडीने का गेला, हे मात्र धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी थोरला म्हणाला होता, "अरे, माझी गाडी ओव्हरफ्लो होतेय. माझी नजर आता कार्बोरेटरच्या त्या बारीक सुईवर ठरत नाही, तू बघतोस का?" आणि हा हात धूत म्हणाला होता, "उद्या बघतो, दादा." अर्ध्या तासाचं काम! तीन वर्षं हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

हत्यारांची थैली पाठीला मारून तो निघाला. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी वळण लागलं आणि सवयीने त्याने कान दिले. ही थोरल्याची जागा. घरी येताना इथे, याच वळणावर, तो पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल उरलं असेल तेवढ्यावर गाडी पुढे यायची आणि बरोब्बर दारात, 'फट् फट् फुस्स' करून आपोआप बंद पडायची. एक हात इकडे नाही की तिकडे नाही. तो आवाज आला की वहिनी चहाचं आधण चढवायची.

वहिनी दारातच उभी होती. केस सगळे पांढरे झालेले, पण डोळे रस्त्याकडेच.

"या. मला वाटलं, उद्यावर टाकताय की काय."

ती सहज बोलली. धाकटा मात्र तिच्याकडे न बघता शेडकडे वळला.

पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. खाली पेट्रोलचं थारोळं. पत्र्याला एकच खिडकी, तिच्यातून भर दुपारी नदीवरचं धुकं आत येत होतं. धाकटा गुडघ्यावर बसला. थोरल्याने शिकवलं होतं, "आधी टिचकी, मग पाना." स्क्रू-ड्रायव्हरची मूठ उलटी धरून वाटीवर हलकेच मारायचं: टक्, टक्, टक्. थांबायचं. मग एकदाच, टक्. सुई अडकली असेल तर तेवढ्याने सुटते. त्याने तसं केलं. थेंब काही थांबले नाहीत.

मग पाना. कॉक बंद करून त्याने वाटी उतरवली. कार्बोरेटरचं गणित तसं सोपं. वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट तरंगत वर येतो, सुईला ढकलतो, सुई पेट्रोलची वाट बंद करते. वाट बंद झाली नाही की ओव्हरफ्लो. आता घोडं पेंड खातंय कुठे, ते बघायचं. सुईच्या टोकाला वाळूचा एक कण चिकटला होता. बारीक, ओला, चमकणारा.

"हात्तिच्या! एवढंसं कारण," तो म्हणाला. कण पुसला, जोडणी केली, कॉक उघडला. मिनिटभर काही नाही. मग टप्... टप्...

पुन्हा उघडलं. पुन्हा एक कण. टाकीची जाळी काढून बघितली तर लख्ख. नळी फुंकून बघितली, मोकळी. फ्लोट गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा नाही, म्हणजे भोक नाही. सुई नवी घातली, फ्लोटची उंची मापून लावली. चाळीस वर्षं जे हातचा मळ होतं, त्याच्यापुढे आज हात टेकायची वेळ आली.

तिसऱ्यांदा वाटी उतरवली तेव्हा दिवस कलला होता. वहिनीने कंदील आणून ठेवला, पेट्रोलपासून चांगला लांब. धाकट्याने वाटी प्रकाशात धरली. आत पेट्रोल नव्हतंच. पाणी होतं. गढूळ, हिरवट. त्याला वास होता शेवाळाचा, चिखलाचा, होडीच्या कुजक्या फळीचा... त्याने तीन दिवस त्या काठावर भावाला शोधलं होतं. तो वास तो मरेपर्यंत विसरणार नव्हता.

त्याने वाटी पुन्हा नाकाशी नेली.

"काय झालं हो?" वहिनीने हळूच विचारलं.

"वहिनी..." तो वाटीकडेच बघत राहिला. "मला एक बोलायचंय. त्या दिवशी दादा होडीने गेला तो... माझ्यामुळे. गाडी ओव्हरफ्लो होत होती. आदल्या दिवशी त्याने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, उद्या. मी उद्या म्हटलं, वहिनी..." आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस तिथे लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

वहिनीने कंदिलाची वात जरा खाली केली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "हे घरी येऊन बोलले होते. म्हणाले, 'धाकटा दमलाय गं आज. उद्या करेल, मी आपला होडीने जाऊन येतो.' राग नव्हता हो त्यांना. उगाच का स्वतःला जाळत बसलात? चला, हात धुवा. चहा टाकते."

त्याने वाटी रिकामी केली, पुसली, जोडली. कॉक उघडला. टप्... टप्... चालूच. ते तसंच सोडून दोघं स्वयंपाकघरात गेली. आधण चढलं.

आणि शेडमधून आवाज आला.

टक्. टक्. टक्...

दोघंही जागच्या जागी थिजली. वहिनीच्या हातातला चमचा तसाच राहिला.

...टक्.

"ऐकलंत?" वहिनी कुजबुजली. भीती नव्हती तिच्या आवाजात. काय होतं ते धाकट्याला सांगता आलं नसतं, पण ती नवी नवरी असताना थोरल्याची गाडी वाजली की अशीच बोलायची.

ती दोघं शेडमध्ये आली. कंदील जिथल्या तिथे होता. शेडमध्ये कुणी नव्हतं. थेंब थांबले होते. कार्बोरेटरखाली फरशी कोरडी होत चालली होती.

धाकट्याने देवाचं नाव घेऊन किक मारली. तीन वर्षं झोपलेली गाडी दुसऱ्या किकला धडधडायला लागली.

"मला एकदा त्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेऊन आणा," वहिनी म्हणाली. "एकदाच."

धाकट्याने मागचा डावा फूटरेस्ट हाताने उघडला. थोरला तो पायाच्या अंगठ्यानेच उघडायचा, वहिनी घराबाहेर यायच्या आधीच. ती एका अंगाला बसली, एक हात त्याच्या खांद्यावर, एक मांडीवर. धुक्यातून ती दोघं टाकीपर्यंत गेली आणि वळली. वळणावर धाकट्याने सवयीने डावा हात खाली कॉककडे नेला. दादाच्या आठवणीसाठी, दुसरं काय!

कॉक आधीच बंद होता. गार होता, आणि ओला.

त्याने हात झटकन वर घेतला. मागे वळून बघायची छाती झाली नाही. गाडी आपली चालत राहिली आणि दारात येऊन, फट् फट् फुस्स. बरोब्बर दारात.

वहिनी उतरली. "कॉक वळणावरच बंद केलात ना?"

"हो," धाकटा खोटं बोलला.

"तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लेकीबरोबर निमूट गेली.

गाडी धाकट्याने ढकलत गॅरेजात आणली. थोरल्याची शिस्त अशी की गाडी आत आली की आधी मीटरचा आकडा खडूने भिंतीवर लिहायचा, म्हणजे 'तुम्हीच फिरवली' म्हणायला कुणाला जागा नको. त्याने आकडा लिहिला. टाकी रिकामी केली. कार्बोरेटर अख्खा काढून सुटा केला, वाटी, फ्लोट, सुई वेगवेगळ्या ताटलीत ठेवल्या. मागचे दोन्ही फूटरेस्ट वर मिटले. आता ही गाडी चालायची नाही, असं त्याने स्वतःलाच मोठ्याने सांगितलं. भावाची आठवण हवी होती त्याला, पण एवढी जवळ नको होती.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, काल संध्याकाळी इकडे आला होतात का?"

"नाही, वहिनी. का?"

"खाली फाटकात गाडी बंद पडली. आपल्या गाडीसारखी, आपोआप. मी आधण ठेवलं. कुणी वर आलं नाही. जाऊन बघितलं तर फाटकातली फरशी ओली, आणि पेट्रोलचा वास..." ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाजात नवी नवरी होती. "मीच वेडी. वर कसे येतील? मला न्यायला आले की हे कधी तरी उतरले का गाडीवरून? मीच बाहेर जायचे. उद्या मी फाटकातच उभी राहते."

"वहिनी, ऐका... खाली जाऊ नका, वहिनी..."

फोन ठेवलेला होता. त्याने पुन्हा लावला. वाजत राहिला.

धाकटा गाडीपाशी आला. ताटलीत वाटी, फ्लोट, सुई जिथल्या तिथे, कोरडी ठणठणीत. कार्बोरेटरच्या जागी नुसतं भोक. त्याने भिंतीवरचा आकडा वाचला, मग मीटर. बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. एकशे बावीस वाढले होते. जायचे एकसष्ट, यायचे एकसष्ट. या वेळी दादा पुलावरून गेला होता.

मग त्याची नजर खाली गेली. उजवा फूटरेस्ट वर मिटलेला होता. वहिनी बसायची त्या बाजूचा, डावा, उघडलेला होता.