दोन डब्यांचा सांधा

रविवारी जेवण आटोपलं आणि धाकटा करवत घेऊन माडीवर गेला, दादाच्या मालगाड्या कापायला.

टेबलावर मावणाऱ्याच गाड्या त्या, वीतभर डबे. पण दादाने उभं आयुष्य त्यांत घातलं. एका डब्याचं छत दुसऱ्याला, तिसऱ्याची चाकं चौथ्याला, असं करून बाजारात न मिळणारे डबे तो बनवायचा, आणि सांधा शोधून सापडायचा नाही. धाकट्याने हात लावला की झालंच. "आण इकडे. वाकड्या बोटाचं काम नाही ते." लहानपणी दारात चेमटलेलं धाकट्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडंच राहिलं होतं. "वाकड्या बोटानं तूप तरी निघतं," असं हसून म्हणत त्याने जन्मभर हा अपमान गिळला. आता दादा जाऊन महिना झाला, तरी राग काही जिरत नव्हता. एक तरी डबा त्याला स्वतःच्या हातचा करायचा होता. बस्स, एकच.

त्याने दादाचे दोन लाडके डबे मधोमध कापले आणि अर्धा हा, अर्धा तो चिकटवून एक नवाच डबा केला. सांधा ओबडधोबड, फुगलेला. असू दे, आपला तर होता! डबा वाळत ठेवून तो तिथेच खाटेवर लवंडला.

खर्र... खर्र... कानस चालल्याचा आवाज आला. तो उठला तेव्हा टेबलावर पांढरा भुगा पडला होता. डब्यावरचा सांधा नाहीसा झाला होता.

"वहिनी, वर कोण आलं होतं?" तो जिन्यातून ओरडला.

"कोणी नाही, भाऊजी. मी इथेच तर बसलेय."

घाबरायला हवं होतं, पण धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही लुडबूड? त्याने डबा मोडला, मुद्दाम तिरका जोडला, दाराला कडी लावली आणि डबा मुठीत धरून खुर्चीत बसला.

"हिंमत असेल तर घे आता माझ्या हातातून!"

भरल्या पोटी पुन्हा डोळा लागला. खर्र... खर्र... या वेळी आवाज अगदी जवळून येत होता. दादाच्या कपड्यांना यायचा तसा थिनरचा वास दाटला. "आण इकडे..." कोणीतरी पुटपुटलं.

त्याने दचकून डोळे उघडले. डबा मुठीतच होता, तसाच तिरका.

"हरलास!" धाकटा मोठ्याने हसला. मग त्याचं लक्ष डबा धरलेल्या हाताकडे गेलं.

पहिलं बोट सरळ होतं. शेंड्यावर सोल्डरिंगचा जुना काळा चटका होता, दादाच्या बोटावर होता तोच. बोटाच्या मुळाशी पांढरा भुगा साचला होता. त्याने तो पुसला. सांधा शोधून सापडेना.

दारावर टकटक झाली. त्याने कडी काढली. वहिनी चहा घेऊन उभी होती. तिची नजर त्या बोटावर गेली आणि तिथेच खिळली.

"अहो..." ती हळूच म्हणाली. अशी नुसती हाक ती फक्त दादालाच मारायची. "चहा निवतोय."

"मी दादा नाही!" धाकटा किंचाळत मागे सरकला.

त्याचा उजवा हात मात्र तिरका डबा टेबलावर ठेवून कानस चाचपू लागला होता.