जाताना डावीकडे, येताना उजवीकडे

उद्या पलीकडे जायला बोटीत बसणार आहात ना? मग फोन खाली ठेवा आणि ऐका. नाही ऐकलंत तरी चालेल, मला काही शाळा चालवायची नाही. पण दिवा जरा इकडे सरकवा.

माझे भावजी तुमच्यातल्या कुणी पाहिलेले नाहीत. ताईचे मालक. बोटींच्या इंजिनाची कामं करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. तीस वर्षं वाकून वाकून त्यांची पाठ कायमची वाकडी झाली होती. बसले तरी कुठल्या तरी इंजिनात डोकावताहेत असं वाटायचं. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार होता. संध्याकाळी साडेसहाला ताईचा फोन आला, की दुकानातून ग्रीसचा डबा आणि इंजिनाच्या दोरीचं एक पाकीट घे आणि शेडवर पोचव. तेवढंच काम. मी म्हटलं, पोचवतो आणि जेवायला येतो.

दोरी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढे मधेच विचाराल. बोटीच्या मागच्या इंजिनाला एक लाल पिळाची दोरी असते. एका टोकाची क्लिप इंजिनाच्या स्विचात बसते, दुसऱ्या टोकाचा फास चालकाच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. एवढीशी वस्तू आहे, पण तिच्यावर जीव असतो.

शेडवर दवाखान्याची बोट होती. पलीकडच्या पेशंटना रोज सकाळी सहाला इकडे आणते ना, तीच. तिचा आधीचा चालक तीन आठवड्यांपूर्वी बेपत्ता झाला होता. अंगानं इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणायचे. औषधं पोचवून एकटा परत येत होता. दुसऱ्या दिवशी बोट खाली धरणाच्या भिंतीपाशी सापडली, रिकामी. पेट्रोल संपेपर्यंत गोल गोल फिरत तिकडे गेली असणार. सगळ्यांनी भिंतीपाशीच शोधलं. काडी काही मिळाला नाही.

आता नवा चालक तक्रार करत होता की बोट एका बाजूला ओढते, वळवायचा दांडा धरून हात भरून येतात. मिस्त्रींनी चार दिवस त्यात घातले होते. दांड्याचा सांधा साफ केला, ग्रीस भरलं, पाण्यातला पंखा बदलला. पंख्याच्या वर शेपटीसारखी एक छोटी पट्टी असते, ती वळवली की ओढ निघते. ती त्यांनी वळवली. आधीची जागा कळावी म्हणून ताईच्या नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली. ताई त्यावरून दोन दिवस बोलत नव्हती.

"निघाली का ओढ?" मी विचारलं.

"तू ये बरोबर," ते म्हणाले. "पुढे वजन लागतं. तुझा तेवढा तरी उपयोग होईल."

अंधारात कशाला, असं मी म्हटलं. तर म्हणे वारा आत्ताच पडलाय, पाणी सपाट आहे, ओढ तपासायला असंच पाणी लागतं, आणि सकाळी सहाला पेशंट उभे असतात. बोलतानाही ते इतके दमलेले होते की मला पुढे वाद घालवेना. पाकीट मीच फोडलं. कोरी दोरी, दुकानाचा वास अजून तिला होता. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितली आणि खिशात टाकली.

सात चाळीसला आम्ही निघालो. मी पुढे टॉर्च घेऊन, ते मागे दांड्यावर. अर्ध्या वाटेवर बोट डावीकडे ओढायला लागली. मला बसल्या जागी कळत होतं. ते दोन्ही हातांनी दांडा रेटत होते. "पट्टी अजून वळवायला हवी," असं पुटपुटले, आणि बोट परत फिरवली.

परत येताना ती उजवीकडे ओढायला लागली.

त्यांनी पुन्हा फिरवली. जाताना डावीकडे. पुन्हा फिरवली. येताना उजवीकडे.

मग त्यांनी इंजिन मंद केलं.

"बिघाड असला," ते म्हणाले, "तर जाताना येताना एकाच हाताला ओढतो. इंजिनाला किनारे कळत नाहीत."

मी टॉर्च फिरवला. दोन्ही वेळा ज्या बाजूला ओढ होती, तिकडे एकच जागा होती. बंद पडलेलं पंपघर आणि त्याच्यापुढची लव्हाळी.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "ताईलाही सांगितलेलं नाही. काडी गेला त्या दिवशी ही बोट माझ्याकडे होती. इंजिन तपासायला मी काडीची दोरी काढून खिळ्याला अडकवली आणि क्लिपशिवाय इंजिन चालत नाही म्हणून माझी सुटी क्लिप स्विचात घातली. संध्याकाळी बोट तशीच दिली. दोरी खिळ्यावरच राहिली. त्यानं फोन केला, मिस्त्री, दोरी तुमच्याकडे राहिली. मी म्हटलं, उद्या ने रे, आता माझी कंबर मोडलीय."

त्यांनी पंपघराकडे बघितलं.

"दोरी असती तर तो पडल्यावर बोट तिथंच थांबली असती. त्याला धरायला काहीतरी असतं..."

"कुठाय ती दोरी?"

"जाळली. कुणी बघू नये म्हणून."

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, मेहुणा असून आला. आणि त्यांच्याकडे बघून तो टिकलाही नाही.

त्यांनी खिशातली नवी दोरी काढली. स्विचातली सुटी क्लिप काढून दोरीची बसवली, इंजिन पुन्हा चालू केलं, फास मनगटात घातला. सैल होता, कोऱ्या दोरीचा असतो तसा. मग म्हणाले, "घट्ट बस. मी दांडा सोडतो."

दांडा सोडला की बोट गर्रकन फिरते. माणूस बाहेर फेकला जातो. मला ते माहीत होतं. मी बाकड्याला घट्ट धरलं.

त्यांनी हात काढला.

बोट फिरली नाही.

हळूच वळली... आणि सरळ झाली. दांडा हलत नव्हता. कुणीतरी धरल्यासारखा, एका जागी. मिस्त्रींचे दोन्ही हात मांडीवर होते. मी बघत होतो ना.

पंपघर जवळ आलं.

लव्हाळी आली.

इंजिन बंद झालं.

टॉर्च मागे मारला. क्लिप स्विचातून निघून लोंबत होती. आम्ही दोघंही जागचे हललो नव्हतो.

मग टॉर्च पुढे... लव्हाळ्यात दवाखान्याचं निळं जाकीट होतं.

त्याहून जास्त सांगत नाही. विचारू नका.

पोलीस आले, दवाखान्याची माणसं आली. सगळं आटपायला साडेदहा झाले. मी म्हटलं, भावजी, घरी चला. ते म्हणाले, आधी वहिनींकडे. म्हणजे काडीच्या बायकोकडे. त्यांना बातमी पोचली होती. एकाच खोलीचं घर, कोपऱ्यात शिवणयंत्र, आणि वहिनी दारातच उभ्या. मिस्त्रींनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगून टाकलं. खिळा, क्लिप, फोन, जाळलेली दोरी.

त्यांनी ऐकून घेतलं. रडून रडून चेहरा कोरडा पडला होता.

"फोन केला तेव्हा मी समोरच होते," त्या म्हणाल्या. "मिस्त्री दमलाय बिचारा, दोरी उद्या आणतो, असं म्हणून गेले. तीन आठवडे वाट बघतेय. ते येतील म्हणून नाही, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही कधी येताय, याची."

मिस्त्री मान खाली घालून नुसते उभे राहिले. मग वहिनींचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं.

दोरी अजून मनगटातच होती. क्लिप खाली लोंबत होती. आणि फास... सैल नव्हता. मनगटात रुतला होता. काडीच्या मनगटाला बसेल इतका लहान झाला होता.

वहिनींनी त्यांचा हात दिव्याखाली ओढला.

"ही गाठ कुणी मारली?"

कुणीच नाही, मी म्हटलं.

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात निसटायचा, म्हणून त्यांच्या दोरीला मी घालून दिली होती. सुटू नये म्हणून वर दोन टाके."

टाके होते. निळ्या धाग्याचे.

त्यांनी कात्री आणली. गाठ तशीच ठेवून बाजूला दोरी कापली, मिस्त्रींचा हात मोकळा केला आणि दोरी त्यांच्याच हातात दिली. "बोटीला लावा," म्हणाल्या, "आणि यापुढे खिळ्याला अडकवू नका." दार लावून घेतलं.

भावजींनी तीच दोरी जोडून बोटीला लावली. पुढे जगले तोवर रोज सकाळी सहाच्या आत जाऊन ती जाग्यावर आहे ना बघून यायचे. ताप असला तरी. बोट तेव्हापासून सरळ चालते, जाताना आणि येताना.

तर उद्या बसलात की चालकाच्या मनगटाकडे बघा. दोरीला दोन गाठी दिसतील. जाड आहे ती भावजींची, कापलेलं जोडल्याची. दुसरी बारीक, तिच्यावर निळे दोन टाके...

पाकीट मी माझ्या हातानं फोडलं होतं.