पाणी कधी उतरणार

हस शोकी, हस. फिक्रीनं चालती गाडी विकली म्हणजे तो भित्रा, असंच ना? आधी तो चहा संपव. मग ऐक आणि तूच ठरव.

ही हकीकत मी फिक्रीच्या तोंडून ऐकलेली. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरातली पाच तारीख, गुरुवार. फिक्रीला पोलंडच्या एका बाईचं भाडं मिळालं होतं. दोरोता तिचं नाव. बरोबर सात वर्षांची लेक, हान्या. पहाटे चारला अस्वानहून निघाले, अबू सिंबलचं देऊळ पाहिलं. दगडी राजांच्या पायाची बोटं मोजताना पोरगी खिदळत होती म्हणे. दुपारी दोनला परत निघाले. रोजचंच काम. अंधाराच्या आत घरी पोचायचं.

साडेचारला भर वाळवंटात टायर फुटलं. जॅक वाळूत रुतत होता. फिक्री गाडीखाली पडून, आणि बाई जॅकखाली लावायला दगड आणून देतेय. किती वेळ गेला असेल? पंधरा मिनिटं. टायर बसलं, फिक्री हात पुसत उठला, तर बाई म्हणाली, "हान्या कुठाय?"

मागची सीट रिकामी.

रस्त्यापलीकडे पाहिलं, टेकाडामागे पाहिलं. कोसभर नजर जाईल अशी सपाट वाळू, आणि पोर नाही.

"पावलं नव्हती का उमटली, चाचा?" शोकी, वारा सुटला होता. वाळूवर काय टिकतंय?

पाचला सूर्य बुडाला. फोनला रेंज नाही. चौकी सत्तर किलोमीटरवर. एक ट्रक थांबला, त्याच्याकडे निरोप धाडला, पण तिथून माणसं यायला रात्र होणार होती. थंडी वाढत होती आणि पोरीच्या अंगात एक पातळ झगा. हाका मारमारून बाईचा घसा बसला. शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. फिक्रीनं तिचे हात धरले.

"बाई, काय करताय? पोर वाळूखाली नाही."

"मग कुठं आहे? तू इथला ना? सांग, कुठं आहे?"



त्यानं गाडीचे दिवे लावले. म्हणाला, "इथून हलू नका. हॉर्न वाजवत राहा, म्हणजे मला परत येता येईल." आणि बॅटरी घेऊन पूर्वेकडे चालत सुटला.

आठ वाजून दहा मिनिटं. त्यानं घड्याळ पाहिलं होतं. चंद्राची कोर मावळली होती. हॉर्न बारीक होत गेला. मग तोही ऐकू येईना.

तेव्हा कुणीतरी बोललं.

"डोकं हलवू नकोस गं."

आपल्या बोलीत, शोकी. तुझी आजी बोलायची त्या बोलीत.

फिक्रीनं बॅटरी फिरवली. एक म्हातारी बसली होती. अंगावरचे काळे कपडे चिंब. धरणाचं तळं तिथून पंचवीस-तीस किलोमीटर लांब, आणि हिच्या बाह्यांतून पाणी ठिबकतंय. पुढ्यात पोर. म्हातारी तिच्या बारीक बारीक वेण्या घालत होती. पोरीचे डोळे उघडे. ओठ निळे.

"आजी... पोर द्या."

"कुणाची?"

"तिची आई रडतेय हो."

"रडू दे. माझी लेकही रडत होती. बोटीत चढताना."

फिक्री एक पाऊल पुढे सरकला.

"सगळे गेले. घराला कुलूप लावून गेले. मी कबरीत. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

तेव्हा त्याला कळलं. अस्वानचं धरण झालं, पाणी चढलं, आपली गावं बुडाली. जिवंत माणसं बोटींतून गेली. आणि मेलेली...

"आजी, अल्लाची आण आहे तुम्हाला. गारठून मरेल ती."

म्हातारीचे हात थांबले.

"पाणी कधी उतरणार?"

साठ वर्षं झाली. ते पाणी कधीच उतरणार नाही.

पोरीचे डोळे मिटत चालले होते.

"पुढच्या वर्षी," फिक्री म्हणाला. "आजच्याच तारखेला. मी स्वतः न्यायला येईन."

खोटं. धडधडीत खोटं. मेलेल्या माणसाशी.

"तू कुणाचा रे?"

"दहबचा नातू."

"दहबचा..." तिनं पोरीचे केस सोडले. "बरं. वाट बघते."

बॅटरी विझली. थपडा मारल्यावर लागली. पोर एकटीच होती.

त्यानं तिला उचललं आणि पळाला. कुठल्या दिशेनं, ते ठाऊक नाही. नुसता पळाला. हॉर्न ऐकू आला तेव्हा तो रडत होता. आईनं लेकीला छातीशी धरलं, केसांवरून हात फिरवला... ओल्या वेण्या हाताला लागल्या.  

पोर वाचली. त्या दोघी सुखरूप आपल्या देशी गेल्या.

वर्ष सरलं. पाच तारीख आली. फिक्री गेला नाही. मला म्हणाला, "जाऊन काय करू, भाऊ? तिला नेऊ कुठं? गाव कुठं आहे?" दारं लावली, सगळे दिवे लावले, रात्रभर कुराण वाचत बसला.

पहाटे त्याच्या बायकोनं मला बोलावून नेलं.

घर टेकडीवर. नदी कुठल्या कुठं खाली. नळ बंद. फरशी कोरडी, गालिचा कोरडा. फिक्री भिंतीकडे बघत बसलेला.

चारी भिंतींवर, कमरेइतक्या उंचीवर, पाण्याची रेघ होती. सरळ. तिच्याखालचा चुना ओला. मी बोट लावलं... काळा गाळ.

त्या रस्त्याचं भाडं नको म्हणून गाडी विकली. दोनदा चुना मारला त्यानं. रेघ परत उमटली.

काल जाऊन आलो मी. आता ती छातीपर्यंत आली आहे.