लागलं का?

रविवारी दुपारी दवाखान्याचा हॉल रिकामा असतो, म्हणून बाईंनी चाचणी तेव्हाच ठेवली. बाई यंत्रमानव घडवतात. गर्दीतून कसं जावं, कुणापुढे थांबावं, कुणाला काय म्हणावं, हे त्याला शिकवतात. आज चाचणी होती त्याचं नाव ढब्बू. म्हाताऱ्यांसोबत चालायला तो बाईंच्या वडिलांकडून, अप्पांकडून शिकला. आठ दिवस अप्पा याच हॉलमध्ये त्याच्याबरोबर पाय घासत फिरले, दर चार पावलांनी दम खात. "म्हातारपणी मास्तर झालो बघ," म्हणून हसायचे. अप्पांना जाऊन आता पाच महिने झाले.

ढब्बू तिसऱ्या खांबापाशी थांबला. समोर कोणीच नव्हतं.

"या काका, सावकाश," तो म्हणाला.

"भूत दिसतंय," बाईंच्या हाताखाली यंत्राची जोडणी बघणारे मिस्त्री म्हणाले. घाबरू नका, नसलेलं माणूस यंत्राला दिसलं की या धंद्यात त्याला भूतच म्हणतात. बहुतेकदा फरशीची चमक असते, नाहीतर काचेतलं ऊन. मिस्त्रींनी पडदे ओढले, फरशी पुसली. तरी पुन्हा तिथेच, पुन्हा "काका".

बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. ढब्बूला जाणवलेल्या माणसाचा ठिपका चार पावलं सरकला, थांबला. पुन्हा चार पावलं... थांबला. फिनेलच्या वासात अप्पांच्या मलमाचा वास आला, की उगाच वाटलं?

"मिस्त्री... अप्पांचं जुनं नोंदवलेलंच चालू नाही ना?"

"ते तुम्हीच पुसलंत की मॅडम. बघवत नाही म्हणालात." मिस्त्रींनी घड्याळ पाहिलं. "उद्या दवाखान्याचे साहेब ह्याला बघायला येणार. हा असा अडला तर गाशा गुंडाळायचा, सहा वर्षं पाण्यात. काढा ते भूत."

बाईंना पटत होतं आणि नव्हतंही. शेवटी त्यांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याला दिसत नाही त्याला माणूस समजायचं नाही, असा नवा नियम. ठिपका गेला.

ढब्बू निघाला. खांबापाशी थांबला नाही. आणि धप्प आवाज झाला.

धक्का ओळखणारी त्याची पुढची रबरी पट्टी आत दबली होती. समोर नुसती मोकळी फरशी.

"माफ करा काका. लागलं का?"

वाक्य बाईंनीच शिकवलेलं. नियमही त्यांचाच: धक्का लागलेला माणूस उत्तर देईपर्यंत जागचं हलायचं नाही.

मिस्त्री बाईंकडे बघत राहिले.

ढब्बू मान वाकवून ऐकत होता... मग मान सरळ करून तो पुढे गेला.

स्क्रीनवर नेहमीसारखी नोंद उमटली. उत्तर मिळालं: "नाही लागलं. पण आता दिसत नाही का रे मी?"